चमच्याचं टोक

एकदा एक अर्धी बातमी आमच्या जिन्यातून खाली आली. भोगीची सकाळ होती. वरच्या पायरीवर उभ्या राहून धोटेकाकू कुणाला तरी सांगत होत्या, "मास्तर म्हणे आता कुणाच्याच हातचं खाणार नाहीत, आणि ती पोरगी तर म्हणे सगळं सोडून..." आणि तेवढ्यात खाली पाण्याची मोटार सुरू झाली. पुढचं वाक्य तिच्या घरघरीत बुडालं. दार किलकिलं करून मी कान लावला होता, पण मोटारीपुढे कुणाचा कान टिकतो? ती थांबेपर्यंत काकू घरात गेल्या होत्या आणि बातमी अर्धीच माझ्याकडे राहिली.

अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेला धागा. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते.

कुणाच्या हातचं न खाणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हे. तिला फार जुने आणि वाईट अर्थ आहेत. म्हणून मास्तरांविषयी असं काही ऐकणं मला जड गेलं. आमच्या सोसायटीत कोण कुठले, कोण कोण! बोरोलेवहिनी खानदेशातल्या, धोटेकाकू नागपूरकडच्या, समोरचे राणे कोकणातले, मी कऱ्हाडची. इतकी वर्षं वाट्या इकडून तिकडे जात-येत होत्या, आणि कुणाची वाटी रिकामी परत द्यायची नाही हा इथला अलिखित नियम. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी वाटीत पडते.

भोगीला तर या वाट्यांचा नुसता पूर येतो. बाजार सगळ्यांचा एकच: पावटा, घेवडा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं. पण भाजी प्रत्येक घरची निराळी. कुणाकडे तिळाचं कूट, कुणाकडे काळा मसाला, राण्यांकडे तर ओलं खोबरं. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं आमची आजी म्हणायची.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. वय झालेलं, जिना चढताना मध्ये थांबून भिंतीशी दोन शब्द बोलावेत तसे उभे राहतात. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांची पद्धत न्यारी होती. फळ्यावर नकाशा टांगायचे, एखाद्या देशावर काठी ठेवायचे आणि टेबलावरच्या टेपवर त्या देशातलं गाणं लावायचे. "पाऊस किती पडतो आणि पीक कोणतं येतं, हे नंतर," म्हणायचे. "आधी तिथली माणसं गातात कशी, ते ऐका." कुठकुठून पत्रं घालून, कुणाकुणाच्या हातून मागवून जमवलेल्या तबकड्या आणि कॅसेटींनी त्यांची एक भिंत आजही भरलेली आहे.

'ती पोरगी' म्हणजे त्यांची त्या काळातली विद्यार्थिनी. आता ती चाळिशीला टेकलेली बाई आहे. तिला नाव आहे आणि ते मला ठाऊकही आहे, पण अशा गोष्टीत शिष्येला नाव नसतं, म्हणून तिला शिष्याच म्हणते. ती एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला सदर लिहिते: जगभरातले नवे अल्बम, आणि ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही असे जुने अल्बमसुद्धा. वाळवंटातल्या टोळ्यांचं गिटार, जपानकडच्या बेटावरच्या म्हाताऱ्यांची तीन तारांची वाद्यं, दक्षिण अमेरिकेतल्या लग्नांतले बँड, यंत्रांचं नुसतं घुमणं. दर वेळी दहा अल्बम, प्रत्येकाला दोन ओळी आणि पाचपैकी तारे.

हे काम तिनं मास्तरांच्याच त्या काठीमुळं पत्करलं होतं. भोगीच्या आदल्या दिवशी ती त्यांच्याकडे आली ती मात्र अगदी गळून गेलेली. त्या दिवशी काय बोलणं झालं ते तिनंच मला पुढं सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, हे वेगळं सांगायला नको.

"सर, यापुढं तुम्हीच निवडून द्या," ती म्हणाली. "नाहीतर मी हे सोडून देते. मला आता काही ऐकू येत नाही."

"कान दाखवलेस?"

"कान ठीक आहेत हो. दर शुक्रवारी शेकड्यांनी नवं येतं. सुरुवात थोडी ऐकते, मधलं थोडं, की पुढचा. एकाला तारे देते, तोवर दुसरे दहा येऊन उभे. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं गाणं आलं तरी मला आधी ते ऐकल्यासारखं वाटतं. आणि परवा..." ती थांबली.

"परवा काय?"

"आई देवापुढं गात होती. तिचा आवाज आता कापतो. मी शेजारी बसले होते, आणि माझा अंगठा हलला, सर. पुढं सरकवायला. हातात फोन नव्हता, तरी हलला."

मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्या भोगी आहे. सकाळी ये. उपाशी ये."

आता त्या सकाळी वर काय चाललं होतं ते सांगते. मास्तरांनी दाराजवळ टेबल मांडलं होतं. त्यावर पाण्याचा तांब्या, एका पेल्यात चमचे. शिष्येला बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं. एकेका घरून वाटी आली, की मास्तर स्वच्छ चमचा घ्यायचे, त्याचं टोक भाजीत बुडवायचे, जिभेला लावायचे आणि वाटी बाजूला सारायचे.

"ही नागपूरची," पहिली वाटी शिष्येपुढं करून ते म्हणाले. "मसाला धीट आहे. पण असं मागं कुठंतरी चाखलंय. पाचपैकी साडेतीन. जा, वाटी परत देऊन ये आणि हे सांग."

"सर, अहो, भोगीची वाटी आहे ती!"

"आज माझं ऐकायचं ठरलंय ना आपलं?"

ती खाली गेली. धोटेकाकूंनी दार उघडलं. शिष्येनं भरलेलीच वाटी पुढं केली आणि खाली मान घालून कसंबसं सांगितलं की सरांनी चाखली, छान आहे, पण... त्या 'पण'पुढं साडेतीन आकडा तिच्या तोंडून निसटला. काकूंना वाटलं, साडेतीनला पुन्हा या म्हणतेय. नाही म्हटल्यावर त्यांनी खोदून विचारलं, आणि शिष्या रडवेली होऊन म्हणाली, "मलाच कळत नाही काकू, मी तर आता सगळं सोडूनच देणार आहे." इथून ती बातमी जन्मली आणि मोटार सुरू होईपर्यंत जिन्यात फिरली.

नंतर बोरोलेवहिनींची वाटी परत गेली. मग राण्यांची. आणि मग माझं दार वाजलं.

दारात शिष्या. हातात माझी वाटी, भरलेली. वर माझ्याच हातची भाकरी, तशीच घडी घातलेली. केस विस्कटलेले, चेहरा असा की आठवडाभर डोळा लागला नसावा.

"काय गं, खारट झाली का?" मी विचारलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. पहाटेपासून सोलाणे सोलून माझी नखं हिरवी झाली होती आणि मनगटाला पीठ तसंच होतं. मी पदरानं पुसायला लागले.

"काकू, किती वाजता उठलात?"

"अगं, आज भोगी! कुठलं उठणं आणि कुठलं झोपणं. तू आधी सांग, मास्तर आजारी आहेत का? की आम्हीच परके झालो?"

"नाही, नाही हो," ती म्हणाली. "त्यांनी मला एक निरोप सांगायला पाठवलंय. पण मला तो तुमच्या तोंडावर नाही सांगता येत." आणि वाटी छातीशी धरून ती तशीच जिना चढायला लागली.

आता अशा वेळी कोण खाली थांबेल? मी गॅस बंद केला, दार ओढून घेतलं आणि तिच्या मागोमाग निघाले. वाटेत बोरोलेवहिनी सामील झाल्या. धोटेकाकू रागानं आल्या, हातात त्यांची वाटी घेऊनच आल्या.

"मास्तर, ही काय तऱ्हा झाली?" काकूंनी उंबऱ्यातूनच सुरुवात केली. "आमच्या घरची भाजी म्हणजे काय शाळेतली परीक्षा आहे? साडेतीन म्हणे! आमच्या सासूबाईंनीसुद्धा कधी नंबर लावला नव्हता!"

"लावला असता तर पास झाला असतात का?" बोरोलेवहिनी हळूच म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा हो. तुमची तर तीनवर आलीय, ऐकलंय मी."

बोरोलेवहिनींचा चेहरा पडला.

मास्तर उठून उभे राहिले आणि सगळ्यांना नमस्कार केला. मग ते खुर्चीवर बसले, कारण फार वेळ उभं राहणं त्यांना आता झेपत नाही. शिष्येनं माझी वाटी टेबलावर ठेवली.

"या वाटीचा निरोप सांगितलास?" त्यांनी विचारलं.

"नाही सांगता आला, सर. त्या पहाटेपासून उठलेल्या आहेत. तुम्ही चमच्याचं टोक बुडवलंत फक्त. तळाशी काय आहे तेही पाहिलं नाहीत. आणि मी जाऊन आकडा सांगायचा? असं कुणी माणसाशी वागतं का?"

हे बोलून झालं आणि ती एकदम थांबली. आपलंच बोलणं जिन्यावरून वर येऊन पुन्हा आपल्यालाच भेटावं, तसं तिला झालं असावं. ती तिथंच जमिनीवर बसली.

मास्तरांनी तिला पाणी दिलं. मग शांतपणे, एकेक शब्द मोजून टाकत बोलले.

"बाळ, दर शुक्रवारी तुझ्या दारात जगातल्या लोकांच्या वाट्या येतात. कुणी वाळवंटात पहाटे उठलेला असतो, कुणी बर्फात. तू टोक बुडवतेस आणि आकडा सांगतेस. त्यांची दारं दूर आहेत म्हणून तुला त्यांचे हात दिसत नाहीत, एवढाच फरक. तू म्हणतेस, दुर्लक्षित अल्बम शोधते. पण ज्याला कुणी पाहिलंच नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष झालं असं म्हणत नाहीत. हाती आलेलं पुढं ढकललं, त्याला दुर्लक्ष म्हणतात. ते तर तूच करत होतीस. म्हणून दमलीस. माणूस जेवून दमत नाही. दिवसभर नुसती चव घेऊन उपाशी राहिला, तर मात्र दमतो."

"पण इतकं येतं, सर," ती म्हणाली. "सगळं कसं ऐकू? एकाला पूर्ण वेळ दिला, तर बाकीच्यांचं काय?"

"या सगळ्यांना विचार," मास्तर आमच्याकडे वळले. "काकू, मी आज फक्त बोरोलेवहिनींची वाटी घेतली असती, पूर्ण खाल्ली असती आणि तुम्हाला सांगितलं असतं की आज पोट भरलं, तुमची उद्या, तर तुम्हाला राग आला असता?"

धोटेकाकूंनी विचार केला. "थोडा आला असता," त्या म्हणाल्या. त्या खरं बोलतात, हा त्यांचा गुण आहे. "पण भाजी मी फ्रीजमध्ये ठेवली असती. असं तोंडावर फेकल्यासारखं नसतं झालं."

"झालं तर मग," मास्तर म्हणाले. "पोटाला मर्यादा आहे, हे कबूल करण्यात कुणाचा अपमान नाही. कानालाही ती आहे. आता क्षमा करा आणि सगळ्याजणी बसा. सकाळपासून मीही उपाशी आहे."

काकूंचा राग एवढ्यावर गेला असं नाही. पण त्या बसल्या. ज्याच्या घरात आपण भांडायला शिरलो, त्याच्याकडे भाकरी मोडून बसायची वेळ आली, की भांडणाचा सूर आपोआप उतरतो. मास्तरांनी माझी वाटी पुढं ओढली आणि शिष्येला दुसरा चमचा दिला. दोघं एकाच वाटीतून, मधून मधून भाकरी मोडत खाऊ लागली.

खाता खाता मास्तर म्हणाले, "गेल्या शुक्रवारच्या दहांतला एक लाव. ज्याला सगळ्यात कमी वेळ दिलास, तो."

शिष्येनं फोन काढला. थोडा वेळ बोट वरखाली करत राहिली. मग म्हणाली, "हा एक. उत्तरेकडच्या एका थंड बेटावरचा. एका बाईनं आपल्या आजीच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या आवाजातली कामाची गाणी गोळा केलीत. मागं यंत्रावरचा एकच सूर धरलाय. मी लिहिलं होतं, 'एकसुरी, पण प्रामाणिक. अडीच.'"

"लाव."

सुरुवातीला काही खास वाटलं नाही, हे मीही सांगते. एकच धीमा ठोका आणि त्यावर बायकांचे आवाज, एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. शिष्येनं सांगितलं, लोकरीचं ओलं कापड टेबलावर आपटून घट्ट करतात, तो हा ठोका. मग मात्र मला तो ओळखीचा वाटायला लागला. आमच्याकडे वाकळा धुताना बायका दगडावर असाच ठेका धरत. शब्द एकही कळत नव्हता. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, राण्यांचा नातू जिन्यात धावला, आणि हे गाणं आपलं चाललंच होतं, एका गाण्यातून दुसऱ्यात, घाई नाही.

माझं लक्ष शिष्येच्या हाताकडे होतं. सवय आहे मला, कुणाचं काय चाललंय ते बघायची. फोन तिच्या गुडघ्यावर होता. एका ठिकाणी गाणं फारच लांबलं आणि तिचा अंगठा उचलला गेला. फोनवर येऊन अधांतरी थांबला. तिनंही ते पाहिलं. मग तिनं तो अंगठा वाटीच्या काठावर ठेवला आणि काठ घट्ट धरून बसली.

आणि त्यानंतर थोड्याच वेळानं गाण्यातली एक म्हातारी मध्येच थांबली. दम लागला होता तिला. श्वास ऐकू आला. दुसरी कुणीतरी त्यांच्या भाषेत काही बोलली आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. इकडे बोरोलेवहिनीही हसल्या.

"कळलं का तुम्हाला काही?" धोटेकाकूंनी विचारलं.

"कळायचंय काय त्यात? म्हातारी झालीस आता, असं म्हणाली असेल," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे नाही म्हणत?"

"मी इथपर्यंत आलेच नव्हते," शिष्या हळूच म्हणाली. तिच्या आईचाही आवाज असाच कापत असेल, हे माझ्या मनात आलं. तिच्याही आलं असावं, कारण ती डोळे मिटून बसली. झोपली की काय म्हणून मी वाकून पाहिलं. ओठ हलत होते. बायका जी ओळ उचलत होत्या, ती तीही उचलत होती, शब्दांशिवाय.

अल्बम संपला तेव्हा वाटीही संपली होती. मास्तरांनी तळ बोटानं पुसून घेतला.

"आता सांगा," मी म्हटलं. "नंबर नको. खरं सांगा."

"वहिनी, पहिल्या घासाला वाटलं, मीठ जास्त आहे," मास्तर मला म्हणाले. "मधे त्याची सवय झाली. तळाशी बोर लागलं, आंबटगोड. तेव्हा वाटलं, मीठ बहुधा या बोरासाठी वाट बघत बसलं होतं."

मी त्या गोष्टीवर अजून विचार करते आहे.

माझी वाटी मला परत मिळाली ती धुऊन, पुसून, आणि रिकामी नव्हे. त्यात तिळगुळाच्या वड्या होत्या. दुसऱ्या दिवशी काकूंच्या फ्रीजमधली वाटी वर गेली. तिसऱ्या दिवशी बोरोलेवहिनींची. राण्यांची भाजी तोवर संपली होती, त्यांनी वेगळी काहीतरी केली.

आता त्या अर्ध्या बातमीचं. मास्तर कुणाच्याच हातचं खाणार नाहीत, असं काकू म्हणाल्या होत्या. ते अगदीच खोटं निघालं नाही. सगळ्यांच्या हातचं एका दिवशी खायचं त्यांनी खरंच सोडलं. आता एका दिवशी एकाच घरची वाटी वर जाते आणि ती पूर्ण खाल्ली जाते. आणि शिष्येनं सगळं सोडलं का? तारे सोडले. दहांतले नऊही सोडले. संपादक कुरकुरतात म्हणे, एवढ्यानं जागा भरत नाही. सदर किती दिवस चालेल, तिलाही ठाऊक नाही. थकलेली ती अजूनही दिसते, पण परवा इकडे आली तेव्हा आईला घेऊन आली. म्हातारीनं मास्तरांकडे बसून दोन कडवी म्हटली आणि मध्येच दम लागून थांबली.

शिष्येचे दोन्ही हात मांडीवर होते. म्हातारीला पुन्हा श्वास येईपर्यंत ते तसेच राहिले.

राहिली माझी भाजी. मीठ जास्त होतं, ही बातमी मात्र पूर्ण खरी होती.